पुढचीं पांच वर्षें



आपल्यापैकीं बहुतेकजण कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद असालच. एखादें वाचनालय, एखादी शिक्षणसंस्था, पतपेढी, महिलामंडळ, निदान राहत्या इमारतीची गृहनिर्माण संस्था तरी. वर्षांतून एकदां सर्वसाधारण सभा भरते, मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम केलें जातें, हिशेब मंजूर होतात, चहा होतो आणि आपण घरीं येतों. पण संस्थेच्या आयुष्यांत एखादा दिवस असा उगवतो कीं, इतिवृत्त कायम करून भागत नाहीं. जुने सभासद कमी होत चाललेले असतात, उत्पन्न पुरत नाहीं, नवीं माणसें दुसरेंच कांहीं मागत असतात, आणि मग कोणी तरी म्हणतो, "एकदां सगळ्यांनीं निवांत बसून पुढच्या पांच वर्षांचा विचार केला पाहिजे." हें निवांत बसणें कसें घडवून आणावें, आणि तें काम ज्याच्या गळ्यांत पडेल त्यानें काय करावें, एवढ्यापुरतेंच मी आज बोलणार आहें.

ह्या बैठकीला हल्लीं कार्यशाळा म्हणतात. ती चालविणाऱ्यास काय म्हणावें, हा मात्र प्रश्नच आहे. अध्यक्ष म्हणावें तर तो निर्णय देणारा. वक्ता म्हणावें तर तो बोलणारा. आणि सूत्रधार म्हटलें कीं नाटकाचा वास येतो. मी आपला साधा 'चालक' हा शब्द वापरतों. कोठें जावयाचें हें गाडींत बसलेल्यांनीं ठरवावें. चालकानें बैल रस्त्यावर ठेवावे.

माझें गांव करमाळा तालुक्यांतलें. सोलापूर जिल्ह्याच्या वायव्य टोंकास, पश्चिमेकडे भीमा आणि पूर्वेकडे सीना अशा दोन नद्यांच्या मध्यें हा तालुका पसरलेला आहे. पण दोन नद्या असूनहि त्याची ओळख पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळी म्हणूनच. १९७२ च्या दुष्काळांत खडी फोडलेलीं माणसें अजून आमच्याकडे भेटतात. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि तालुक्याचे जणूं दोन तुकडे पडले. भीमेकांठचीं जुनीं गांवें पाण्याखालीं गेलीं, उठून वर आलीं आणि त्यांच्याभोंवतीं ऊस उभा राहिला. पुढें कंदरच्या बाजूस केळीच्या बागा झाल्या आणि तेथील केळीं परदेशीं जाऊं लागलीं. सीनेकडचा भाग मात्र पुष्कळ काळ आभाळाकडेच पाहत राहिला. हें भूगोलाचें वर्णन मी उगाच करीत नाहीं. धरणापूर्वीं ज्या संस्था निघाल्या, त्या ज्या गांवासाठीं निघाल्या तें गांवच आतां राहिलेलें नाहीं. आडनांवें तींच, पण शेतकऱ्याचा मुलगा जेऊरच्या स्टेशनावर गाडींत बसून पुण्यास जातो, आणि जो मागें राहतो तो स्पर्धापरीक्षेचीं पुस्तकें घेऊन बसतो. आपण कोणासाठीं निघालों होतों आणि ते लोक आज आहेत कोठें, हा पुढच्या विचारांतला पहिला प्रश्न होय. गंमत अशी कीं, तो कोणत्याहि बैठकीच्या कार्यक्रमपत्रिकेवर नसतो.

आमच्या तालुक्यांतील एका वाचनालयानें असा विचार करण्याचें ठरविलें आणि निवृत्त शिक्षक म्हणून मला बोलावलें. संस्थेचें नांव सांगत नाहीं. तशी गरजहि नाहीं, कारण पहिल्या खेपेस जी चूक झाली ती माझीच होती.

मीं पुस्तकांत वाचून एक सुरेख तक्ता छापून नेला होता. ध्येय, धोरण, उद्दिष्टें, मग बलस्थानें, उणिवा, संधि, धोके. प्रत्येकाला स्वतंत्र चौकट. रविवारीं सकाळीं नऊ वाजतां सभागृहांत ओळीनें खुर्च्या मांडल्या, व्यासपीठावर अध्यक्ष, कार्यवाह आणि मी. अध्यक्ष आदरणीय गृहस्थ. संस्थेसाठीं त्यांनीं हाडांचीं काडें केलेलीं. त्यांनीं प्रास्ताविक म्हणून पाऊण तास भाषण केलें आणि संस्थेनें काय करावें तें सगळें त्यांतच सांगून टाकलें. त्यानंतर उठून "मला वेगळें वाटतें" असें म्हणण्याची कोणाची छाती होणार? जो उठला तो "अध्यक्षमहाशयांनीं सांगितल्याप्रमाणें" असें म्हणूनच उठला. सायंकाळपर्यंत एकतीस ठराव झाले. वर्षभरानें पाहिलें तेव्हां त्यांतला एक अंमलांत आला होता: दर्शनी फलक नव्यानें रंगविला गेला होता.

आंकड्यांचा मोह हाहि एक रोगच आहे. करमाळ्यास रावरंभा निंबाळकरांनीं बांधलेल्या कमलाभवानीच्या देवळाविषयीं सांगतात कीं, तेथें सगळें ९६ च्या हिशेबानें आहे. विहिरीच्या पायऱ्यासुद्धां शहाण्णव. देवळाला तें शोभतें. पण वाचनालयाला पगारी माणूस एक, आणि ठराव एकतीस!

मग कोणी विचारील, सगळ्यांनीं एकत्र बसून मोकळेपणानें बोलावें एवढेंच पुरे नाहीं काय? दुर्दैवानें नाहीं. अमेरिकेंत अॅलेक्स ऑस्बर्न नांवाच्या जाहिरातव्यवसायांतील गृहस्थानें मंडळींनीं एकत्र बसून सुचेल तें बोलत जावें, कोणी टीका करूं नये, अशी पद्धति लोकप्रिय केली. १९५८ सालीं येल विद्यापीठांतील संशोधकांनीं ती पारखून पाहिली. चार माणसें एकत्र बसून जितक्या कल्पना सुचवितात, त्याहून अधिक कल्पना चार माणसें एकएकटीं बसवून मग बेरीज केली तर मिळतात, असें त्यांना आढळलें. एक बोलत असतां बाकीच्यांना गप्प बसावें लागतें. शिवाय लोक काय म्हणतील ही भीति असतेच. आपल्याकडे तर वय, मान, नातें, सोयरीक इतकीं ओझीं प्रत्येकाच्या जिभेवर असतात. सासऱ्यासमोर जांवई ठरावाला विरोध करील ही अपेक्षाच चुकीची.

दुसऱ्या खेपेस, सुमारें दोन वर्षांनीं, पुन्हां त्याच संस्थेचें बोलावणें आलें तें काळजीचें होतें. छत गळूं लागलें होतें, ग्रंथपालाचा पगार तीन महिने थकला होता आणि कार्यकारी मंडळांत सरळ दोन तट पडले होते. मोठ्या दालनांत अभ्यासिका करावी, मुलांकडून मासिक शुल्क घ्यावें आणि संस्था जगवावी असें एका तटाचें म्हणणें. वाचनालयाचा धर्म वाचन हा आहे, तें परीक्षेच्या गिऱ्हाइकांना भाड्यानें द्यावयाचें नाहीं, असें दुसऱ्याचें. दोन्ही तटांत मला मान देणारीं माणसें होतीं, हें आणखी एक संकट.

ह्या वेळीं मीं बैठकीची तारीख ठरविण्यापूर्वीं तीन आठवडे मागून घेतले. एकेकाच्या घरीं जाऊन बसलों. कोणाचें मत काय हें काढून घ्यावयाचें नव्हतें. त्यांना रात्रीं झोंप कशामुळें लागत नाहीं तेवढें ऐकावयाचें होतें. कार्यकारी मंडळाचे सभासद झाले, मग ग्रंथपाल, झाडलोट करणाऱ्या बाई, पायऱ्यांवर बसून अभ्यास करणारीं मुलें. बैठकीचें अर्धें काम बैठकीपूर्वींच होतें, असें आतां माझें ठाम मत झालें आहे. अध्यक्षांच्या घरीं मीं दोनदां गेलों आणि हात जोडून एकच मागणें मागितलें: त्या दिवशीं आपण सर्वांच्या शेवटीं बोलावें. त्यांना प्रथम वाईट वाटलें. मग म्हणाले, "म्हणजे मला ऐकावें लागणार!" आणि स्वतःच हंसले.

दुसरी तयारी आंकड्यांची. कागद एकच, दोन्ही बाजूंनीं लिहिलेला, आठ दिवस आधीं प्रत्येकाच्या हातीं दिलेला. उन्हाळ्यांत वर्तमानपत्रांत 'उजनीचा साठा उणे' असें वाचून शहरांतील पाहुण्यांना नवल वाटतें; धरणांत तर पाणी दिसतें आहे! पण तें मृत साठ्यांतलें असतें. उपयुक्त साठा संपला म्हणून आंकडा उणे. संस्थांचेंहि तसेंच आहे. कायम ठेव, इमारत, कपाटें, जडसंग्रहाच्या नोंदवहींतील खुर्च्याटेबलें ही सारी संपत्ति खरी. पण तींतून ग्रंथपालाचा पगार होत नाहीं. यंदा खर्च करतां येईल असा पैसा किती, आणि कामाला किती माणसांचे किती तास खरोखर मिळतील, एवढेंच कागदावर लिहिलें. सरकारी अनुदानाचा रकाना वेगळा. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालीं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गाप्रमाणें अनुदान. वर्ग टिकवावयाचा तर पुस्तकें आणि नियतकालिकें ठराविक प्रमाणांत ठेवावींच लागतात. म्हणजे कांहीं गोष्टी आपल्याला नको म्हटलें तरी सोडतां येत नाहींत, हें बोलण्यापूर्वींच सर्वांना ठाऊक असलेलें बरें.

शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजाराचें नांव आपण ऐकलेंच आहे. श्री. पोपटराव पवार १९८९ पासून तेथील कारभारांत पडले आणि दुष्काळी गांवाचा कायापालट झाला. लोक तेथें जाऊन बंधारे पाहतात, झाडें पाहतात. मला विशेष वाटतें तें तेथील पाण्याच्या अंदाजपत्रकाचें. पाऊस किती पडला हें मोजावयाचें, विहिरींची पातळी पाहावयाची, मग माणसांचें व गुरांचें पिण्याचें पाणी आधीं बाजूला काढून उरलेल्यावर कोणतें पीक घ्यावयाचें हें ग्रामसभेनें ठरवावयाचें. शेतीसाठीं बोअर खोदावयाचें नाहीं, उसासारखें तहानलेलें पीक घ्यावयाचें नाहीं. योजना म्हणजे काय काय करणार याची यादी, अशी आपली समजूत असते. हिवरे बाजारच्या योजनेंत काय करावयाचें नाहीं ह्याची यादी पहिली आहे.

बैठकीच्या दिवशीं खुर्च्या काढून टाकल्या आणि सतरंजीवर गोल बसलों. चौकटीचा तक्ता घरींच ठेवला. पहिला तास संस्थेच्या इतिहासाला दिला. भिंतीवर एक लांब कागद लावला आणि ज्याला जें साल आठवेल त्यानें तें उठून लिहावें असें सांगितलें. हा तास वायां गेला असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. पण ज्या वृद्धांना आपण डावलले जाणार अशी धास्ती होती, ते त्या तासांत मोकळे झाले. आणि संस्थेनें ह्यापूर्वींहि तीन वेळां आपलें रूप बदललें होतें, हें तरुणांना आणि त्याहून अधिक वृद्धांनाच दिसलें.

मग चिठ्ठ्या. प्रत्येकाला सारख्या आकाराचे पांच कोरे कागद दिले. प्रश्न एकच: पुढच्या पांच वर्षांत हें वाचनालय कोणाच्या उपयोगीं पडलें पाहिजे? वीस मिनिटें कोणी कोणाशीं बोलावयाचें नाहीं. नांव लिहावयाचें नाहीं. नंतर मीं चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि सारख्या सारख्या एकत्र लावल्या. ही युक्ति माझी नव्हे. १९७१ च्या सुमारास डेलबेक आणि व्हान डी व्हेन ह्या अमेरिकन अभ्यासकांनीं ती व्यवस्थित मांडली. पण ती आमच्या मातीला जणूं मुद्दाम केल्यासारखी मानवते, कारण चिठ्ठीला वय नसतें.

अभ्यासिका हवी आणि नको ह्या दोन्हींच्या चिठ्ठ्या अपेक्षेप्रमाणें निघाल्या. एका चिठ्ठीवर मात्र फक्त दोन शब्द होते: 'घरच्या बायका'. कोणाची म्हणून मीं विचारलें नाहीं, विचारावयाचें नसतें. पण ग्रंथपाल आपण होऊन उठले. हे गृहस्थ वीस वर्षें त्या खुर्चीवर होते आणि कोणत्याहि बैठकींत त्यांना चहा सांगण्यापलीकडे कोणी बोलूं दिलें नव्हतें. त्यांनीं देवघेवीची नोंदवही आणली. कादंबऱ्या, चरित्रें, पाककृतींचीं पुस्तकें, लहान मुलांचीं पुस्तकें, हीं नांवें पुरुषांच्या खात्यावर आहेत. पण नेतात शाळेंतलीं मुलें, चिठ्ठी घेऊन. चिठ्ठीवरील अक्षर आईचें, नाहीं तर आजीचें. "त्या इकडे येत नाहींत," ते म्हणाले. "दालनांत सगळे पुरुष बसलेले. पुस्तक कोणतें निवडावें तें मुलांना कळत नाहीं, म्हणून मीच आपला अंदाजानें देतों."

सभागृहांत कांहीं वेळ कोणी बोललें नाहीं. ज्या दोन तटांचा वाद चालला होता, त्या दोघांनीहि संस्थेच्या सर्वांत निष्ठावंत वाचकांचा विचार केलेला नव्हता. आणि त्यांतली एकहि त्या सतरंजीवर नव्हती. ही चूक पुन्हां माझी. तीन आठवडे घरोघर हिंडलों, ओसरीवर चहा घेतला, पण चहा आणून देणाऱ्या बाईंना विचारलें नाहीं. ग्रामसभेपूर्वीं महिलांची वेगळी सभा घ्यावी असा आपल्या राज्यांत नियम आहे. २०१५ पासून गांवोगांव 'आमचा गाव, आमचा विकास' ह्या नांवानें आराखडे होऊं लागले तेव्हां त्या नियमावर मीं स्वतः व्याख्यानें दिलीं होतीं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान!

बैठक तेथेंच थांबविली. कार्यवाहांना हें रुचलें नाहीं. भोजनाची व्यवस्था दोन्ही वेळांची झाली होती. पण अर्धवट माहितीवर पुरा निर्णय घेण्यापेक्षां जेवण फुकट गेलेलें परवडलें. पुढच्या रविवारीं अकरा बायका आल्या, आणि उरलेला अर्धा दिवस त्यांच्यासह झाला.

वाद मिटविण्याविषयीं दोन शब्द. चालकानें वाद गुळमुळीत करूं नये. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनीं संस्थेबाहेरचें उत्पन्न घ्यावें कीं नाहीं, ह्या प्रश्नावर १८९० सालीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. माणसें लहान होतीं म्हणून तें झालें नाहीं. तत्त्वाचा प्रश्न होता आणि तो कोणत्याहि गोड भाषेनें बुजणारा नव्हता. आमच्याकडे मीं दोन्ही बाजूंना एक काम दिलें: समोरच्याचें म्हणणें त्याला पटेल अशा शब्दांत आधीं मांडून दाखवावें, मग आपलें सांगावें. वडील सभासदानें अभ्यासिकेची बाजू मांडली ती त्या पोरांपेक्षांहि चांगली मांडली. मत बदललें नाहीं, पण आवाज खालीं आला.

सर्वांत कठीण तास सोडून देण्याचा. कांहीं नवें करावयाचें तर जुनें काय सोडणार? वार्षिक व्याख्यानमाला संस्थापकांच्या नांवची होती आणि अलीकडे तिला व्यासपीठावर जितके तितकेच समोर असत. तिच्यावरचा खर्च छताला लागणार होता. संस्थापकांचे नातू तेथें होते. त्यांच्याकडे पाहण्याचें सर्वजण टाळीत होते, शेवटीं तेच म्हणाले, "आजोबांना गळक्या छताखालीं पुस्तकें चाललीं नसतीं."

शेवटीं मीं एक अभद्र वाटणारा प्रश्न विचारला. गॅरी क्लाइन ह्या मानसशास्त्रज्ञाची ही रीत. समजा, दोन वर्षें झालीं आणि आपली ही योजना साफ फसली आहे. ती कशामुळें फसली तें लिहा. एक काका चटकन म्हणाले, "शुभ बोल रे नाऱ्या!" सगळे हंसले, पण लेखण्या मात्र भराभर चालूं लागल्या. शुल्क वेळेवर येणार नाहीं. किल्ली एकाकडेच राहील. मुलींसाठीं स्वच्छतागृह नाहीं. ग्रंथपाल नोकरी सोडून जाईल. आणि एका चिठ्ठीवर: सर पुन्हां येणार नाहींत. ती बहुधा खरीच ठरणार होती. म्हणून तिमाही आढाव्याचें काम माझ्याकडे न घेतां संस्थेंतीलच दोघांकडे दिलें, एक तरुण आणि एक त्या अकरांपैकीं बाई.

अशा बैठकींतून महान कल्पना जन्मते असें मात्र कोणी समजूं नये. जपानांतील महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका वाचून कर्व्यांच्या मनांत आपल्याकडील महिला विद्यापीठाचा विचार पक्का झाला, १९१५ सालीं मुंबईच्या सामाजिक परिषदेंत त्यांनीं तो अध्यक्ष म्हणून मांडला आणि १९१६ सालीं विद्यापीठ उभें केलें. तें एका माणसाचें स्वप्न होतें, कोणत्याहि समितीनें चिठ्ठ्या काढून तें पाहिलें नाहीं. बैठकीचें काम खालच्या पायरीचें: आहे तें खरें खरें पाहावयाचें, आणि जें ठरेल त्याचें ओझें एकाऐवजीं दहांच्या खांद्यांवर द्यावयाचें.

ठराव चारच झाले. छत. सकाळीं व रात्रीं मोठ्या दालनांत अभ्यासिका, शुल्कासह. दुपारीं दोन ते चार दालन फक्त स्त्रियांसाठीं. आणि अभ्यासिकेच्या शुल्कांतून पहिला खर्च ग्रंथपालाच्या पगाराचा. प्रत्येक ठरावापुढें एका माणसाचें नांव आणि एक तारीख. 'कार्यकारी मंडळ' असें लिहूं दिलें नाहीं, कारण मंडळाला कोणी रस्त्यांत गांठून विचारूं शकत नाहीं. वडील सभासदांनीं विरोध नोंदवून घेतला. तो त्यांच्याच शब्दांत इतिवृत्तांत लिहिला आणि त्यांना वाचून दाखविला.

पहिल्या आठवड्यांत दुपारच्या वेळीं कोणीच आलें नाहीं. दुसऱ्यांत एक आजी नातवाला घेऊन आल्या आणि दारांतूनच परत गेल्या, कारण एक विद्यार्थी वही विसरला म्हणून आंत बसला होता. तिमाही आढाव्याच्या दिवशीं मला निरोप आला नाहीं. तो येऊं नये अशीच व्यवस्था होती. मी एका कामासाठीं त्या बाजूस गेलों होतों म्हणून डोकावलों. छत झालें होतें. मुलींच्या स्वच्छतागृहाचा खर्च कोठून काढावा ह्यावर आंत चांगलीच खडाजंगी चालली होती, आणि तो काढलाच पाहिजे असें सर्वांत मोठ्यानें सांगत होते ते अभ्यासिकेला विरोध नोंदविणारे वडील गृहस्थ. ग्रंथपाल नोंदवही उघडून बसले होते. त्यांनीं मला पाहिलें, पण उठून चहा सांगावयास गेले नाहींत. त्यांची बोलण्याची पाळी आली होती.